सगळं संपलंय असं वाटलं तेव्हा देवळात काय मिळालं? (अनुभव धागा)

नगरची_माळीण
काल नाताळाची साफसफाई करताना आईचं भजनांचं जुनं पुस्तक सापडलं. आत विजेचं बिल, २००९ चं, न भरलेलं. अण्णांचं दुकान बुडालं, मग दारू. तरी दर रविवारी आई आम्हा दोघींना ह्यूम मेमोरियल चर्चला न्यायचीच. अर्पणाची थैली आली की मूठ आत घालायची आणि रिकामीच उघडायची. थैली धरणारे आजोबा तेवढ्यात थैली हलवायचे, आतली नाणी वाजायची. मागच्या बाकाला वाटावं, हिनेही टाकलं. त्या खुळखुळाटावर आम्ही चार वर्षं काढली असं मला आजही वाटतं.
अण्णा सुटले नाहीत, २०१३ ला गेले. तेव्हा चमत्कारच सांगा असं नाही. जे असेल ते लिहा.

केळीवाला_वसई
जय ख्रिस्त. ताईचं बाळ सातव्या महिन्यात गेलं. आमची आय तिला बुधवारी माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेना प्रार्थनेला ओढून न्यायची. तिथे आभाराची पत्रं वाचतात ना, कुणाला नोकरी, कुणाला व्हिसा, कुणाला मुलगा. ताई दात ओठ खाऊन ऐकायची. तिसऱ्या की चौथ्या बुधवारी शेजारच्या गुजराती बाईने काही न विचारता आपला रुमाल तिच्या मांडीवर ठेवला. ख्रिस्तीही नव्हती ती. ताई त्या दिवशी पहिल्यांदा रडली. पुढचे बुधवार स्वतःहून गेली.

पोहे_नको_उपमा
माहीम स्टेशनवरून चालत जाता येतं का? सासूबाईंना न्यायचंय, गुडघे दुखतात

केळीवाला_वसई
येतं, पण गुडघे असतील तर रिक्षा... अरे हो, तिकडे रिक्षा नाही 😄 टॅक्सी करा. बुधवारी गर्दी फार, लवकर निघा.

रात्रपाळी
मी नर्स आहे. लॉकडाऊननंतर सहा महिने झोप नाही. प्रार्थनासभेत एकजण म्हणाले, विश्वास कमी पडतोय. त्या दिवसापासून जाणंच बंद केलं. नंतर दुसऱ्या एका पाळकसाहेबांनी घरी येऊन चहा घेतला आणि म्हणाले, गोळी घे आणि ८८ वं स्तोत्र वाच. वाचलं. ते अंधारातच संपतं हो! शेवटी 'पण देवा तू चांगला' वगैरे काही नाही. असलं रडगाणं पवित्र शास्त्रात, बायबलात ठेवलंय म्हणजे माझंही चालेल, असं वाटलं. गोळ्या दोन वर्षं घेतल्या. अजूनही रात्रपाळी आहे, टायपो माफ.

दौंडलोकल
आमची खापरपणजी छप्पन्याच्या (१८९९-१९००) दुष्काळात गुजरातेतून केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आली. घरचं कुणी उरलं नव्हतं. रमाबाईंचं तरी काय, आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले, १८८० ला भाऊ, १८८२ ला नवरा. १९२१ ला मनोरमा, एकुलती एक लेक, तीही आधी गेली. तरी बाई बायबलच्या भाषांतराचे कागद तपासत बसल्या, १९२२ च्या एप्रिलमध्ये स्वतः जाईपर्यंत. लोक 'श्रद्धेने दुःख विसरलं' म्हणतात तेव्हा मला हे आठवतं. विसरल्या कसल्या! काम करत होत्या.
(खापरपणजी शंभरापर्यंत जगली म्हणतात, आमच्या घरात वय सगळेच वाढवून सांगतात.)

पोहे_नको_उपमा
@रात्रपाळी मिठी 🤗 मी ख्रिस्ती नाही, पण ८८ वाचणार. कुठे मिळेल?

रात्रपाळी
फोनवरच मिळेल, स्तोत्रसंहिता शोधा. दिवसा वाचा मात्र.

बेकरीसमोर
विषयांतर, पण नाताळची करंजी कुणी करतं का अजून? आमच्याकडे नुसते केक 😒

नगरची_माळीण
आमच्याकडे करंजीच, या.
सगळ्यांचं वाचलं. मघाशी आईला फोन करून थैलीची गोष्ट सांगितली. ती हसायलाच लागली. म्हणे, "अगं त्यांचा हात कापायचा. सगळ्यांच्याच पुढे थैली हलायची."
पंधरा वर्षं मी त्या माणसाला धन्यवाद देतेय!
जाऊ दे, देणार. दूध उतू चाललंय, आले.