कडाक्याच्या थंडीत स्लेजची कुत्री पाणीच पीत नाहीत

अलास्कात स्लेज (बर्फावरची घसरगाडी) ओढणाऱ्या कुत्र्यांच्या एका केनेलवर, म्हणजे ती पाळतात तिथे, हिवाळाभर मदतनीस म्हणून आले आहे. हार्नेस (गाडीला जुंपायचे पट्टे) दिसला की सगळी कुत्री उड्या मारतात, पण पाण्याला तोंड लावत नाहीत. भांड्यातलं पाणीही बघता बघता गोठतं. काय करू?

उत्तर : ताई, कोमट पाण्यात मांसाचे तुकडे नि थोडी चरबी घाला. वासाने येतील आणि भांडं चाटूनपुसून साफ करतील. जुंपायच्या दोन तास आधीच पाजा. बर्फ चाटून तहान भागत नाही. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. पटकन जागेवर बसली नाही, तर पाणी कमी पडतंय. हिरड्याही ओलसर हव्यात.

उत्तर : पंज्यांकडेही लक्ष असू द्या. बोटांच्या बेचक्यात बर्फाचे गोळे अडकून कातडी फाटते. बुटी (पंज्यांवर चढवायचे कापडी मोजे) घाला, त्यांची पट्टी मात्र आवळू नका, आणि परतल्यावर आधी त्याच काढा. अलास्कातल्या इडिटारॉड या स्लेज-शर्यतीत दर कुत्र्यामागे ८ बुटी जवळ बाळगणं सक्तीचं आहे, ते उगाच नाही.

मनापासून आभार! व्हीलच्या (स्लेजच्या अगदी पुढ्यात जुंपलेल्या) जोडीतली थोरली कुत्री परवापासून डावा पंजा सारखा चाटतेय. आत्ताच जाऊन बघते.