लाकडी पॅलेट जोडणाऱ्या स्वयंचलित यंत्राबाबत मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही १२०० × १००० मिलिमीटर मापाची, ठोकळ्यांवर फळ्या ठोकलेली मालवाहतुकीची पॅलेट बनवतो. सध्या साच्यात फळ्या मांडून नेलगनने खिळे मारले जातात. आता ही जोडणी स्वयंचलित यंत्रावर नेण्याचा विचार आहे.

खरी अडचण लाकडाची आहे. करवतीतून येणाऱ्या फळ्यांच्या जाडीत थोडा फरक राहतोच आणि कारागीर तो नजरेने सांभाळून घेतो. परंतु ठरलेल्या पातळीपर्यंतच खिळा दाबणाऱ्या यंत्रात पातळ फळीवर खिळ्याचे डोके वर राहून मालाची पोती फाडेल, तर जाड फळीत ते खोल रुतून फळीची पकड कमी करेल. यासाठी सर्व फळ्या आधी रंधून घेणे अपरिहार्य आहे का, की प्रत्येक खिळ्याची खोली स्वतंत्रपणे जुळवून घेणारी यंत्रे भरवशाची असतात?

दुसरा प्रश्न खिळ्यांचा. सुटे खिळे नळ्यांतून पुरवणारे हायड्रॉलिक यंत्र घ्यावे, की गुंडाळीतील खिळे वापरणाऱ्या नेलगन बसवलेले? सुट्या खिळ्यांत एखादा वाकडा निघाला की नळी तुंबते, असे ऐकले आहे.

निर्यातीसाठी आयएसपीएम १५ या लाकडी वेष्टनाच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवावा लागतो. त्याने कीड मरते, मात्र लाकूड पुरेसे वाळतेच असे नाही. फळ्यांची टोके तडकू नयेत म्हणून जोडणी या प्रक्रियेआधी करावी की नंतर, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.