वनरक्षकाला गावाशी बोलायला कोण शिकवणार?

बांधावरचा
परवा गावात बिबट्यावर जनजागृतीची सभा झाली. नवीन वनरक्षक आला होता. पोरगं गुणी, पण हातातला कागद वाचत होतं: "रात्री एकट्याने शेतात जाऊ नका." मागून एक आजोबा ओरडले, "मग लाईट दिवसा द्यायला सांग की!" पोरगं गप्प. सभा तिथंच फुटली.
पिंजरा लावायला, बेशुद्धीची बंदूक चालवायला शिकवतात, तसं लोकांसमोर उभं राहायलाही शिकवा. मुंबईत संजय गांधी उद्यानाभोवती 2011 पासून वनखात्याने रहिवासी, पोलीस, पत्रकार सगळ्यांना सोबत घेऊन हे काम केलं. मग ऊसपट्ट्यात का नको?

फडातला_माणूस
मुंबईच्या बिबट्याला मागे जंगल आहे. आमचा उसातच जन्मतो, उसातच पिल्लं घालतो. माणसं गेली तरी तुमचं आपलं प्रशिक्षण! आधी पकडा आणि घेऊन जा. भाषण नंतर.

रानवेडी
घेऊन जा, पण कुठे? जुन्नर भागात 2001 पासून बिबटे पकडून दुसऱ्या जंगलात सोडायला सुरुवात झाली. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात माणसांवरचे हल्ले त्याआधी वर्षाला सरासरी 4 होते, नंतर 17 झाले. हे गावाला नीट समजावणारा कुणी हवा म्हणूनच तर प्रशिक्षण.

फडातला_माणूस
ताई, ज्या घरातलं लेकरू गेलं त्या घरात हा आकडा सांगून बघा.

जुना_वनपाल
हल्ल्याच्या दिवशी आकडा सांगायचाच नसतो. त्या दिवशी नुसतं जाऊन बसायचं, शिव्या खायच्या, पंचनामा वेळेत करायचा. मी नोकरीत हे मार खाऊनच शिकलो, वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे धाग्याशी मी अर्धाच सहमत. पोरांना बोलायला नंतर शिकवा, आधी ऐकायला शिकवा. आणि सभेला वीजवाल्यांनाही आणून बसवा, म्हणजे त्या आजोबांना उत्तर मिळेल.
पटतं ते डोळ्यांनी बघितलेलं. एकदा तोडणी चालू असताना सरीत दोन बछडे सापडले. मुकादम म्हणाला, उचलून न्या. आम्ही टोळीला थांबवलं, बछडे त्याच जागी क्रेटमध्ये ठेवले आणि लांब गाडीत बसलो. रात्री मादी आली, क्रेट पाडलं, एकेक करून दोन्ही नेले. सकाळी तोडणीवाल्या बायकांनीच दुसऱ्या टोळीला सांगितलं, "पिल्लाला हात लावू नका, आई जवळच असती." मी तोंडही उघडलं नव्हतं.

रानवेडी
पण काही गोष्टी सांगाव्याच लागतात ना? खाली बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसू शकतो, हे किती जणांना माहीत असतं?

जुना_वनपाल
सांगायचंच. पण गवत कापणाऱ्या बाईला "वाकू नको" म्हणालात तर ती हसेल. दोघी-तिघी मिळून जा, एकीने उभं राहून बोलत राहा, हे तिला जमतं.

फडातला_माणूस
हे ठीक आहे. माझी शेळी गेली तेव्हा पंचनाम्याला पाचव्या दिवशी माणूस आला. तोवर कुत्र्यांनी हाडंही ठेवली नव्हती, आणि साहेब विचारतात पुरावा कुठाय. तो त्याच दिवशी आला असता तर परवाच्या सभेला मी पहिल्या रांगेत बसलो असतो.

बांधावरचा
पुढची सभा पंचनाम्यावरच ठेवायला सांगतो. तुम्ही येणार का?

फडातला_माणूस
दिवसा असेल तर. रात्री पाण्याची पाळी आहे.