लिव्हरमध्ये पसरलेल्या कॅन्सरला एसबीआरटी की वाय-९०? कोणाला अनुभव?

सिडकोचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. आईचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो पण झाली, आता पेट स्कॅनमध्ये लिव्हरवर दोन गाठी दिसतायत. एक गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून आहे म्हणून सर्जन ऑपरेशनला नको म्हणतात, एसबीआरटी करा म्हणाले. दुसरे डॉक्टर वाय-९० म्हणाले. दोन्ही रेडिएशनच ना, मग फरक काय? आईला वाटतंय अख्खं लिव्हर जळून जाईल, जेवतच नाहीये नीट.

मशीनरूम:
दादा, मी रेडिएशन टेक्निशियन आहे. एसबीआरटी बाहेरून देतात, बहुतेक वेळा ३ ते ५ सिटिंग. बारीक किरण वेगवेगळ्या अँगलने येतात आणि गाठीवर एकत्र होतात, त्यामुळे जोरदार डोस तिथेच बसतो. लिव्हर श्वासासोबत वरखाली होतं, म्हणून आधी ४डी सीटी (श्वासासोबतची हालचाल टिपणारा स्कॅन) करतात, पोटावर पट्टा बांधतात नाहीतर श्वास रोखायला शिकवतात. प्लॅनमध्ये साधारण निदान ७०० सीसी निरोगी लिव्हर ठरावीक डोसच्या आत ठेवतात, काकूंना हे नक्की सांगा. गाठ जठर किंवा आतड्याला लागून असेल तर मात्र डोस कमी करावा लागतो, ते विचारून घ्या.

गंगापूररोड_ताई:
माझ्या सासऱ्यांचं वाय-९० झालं. जांघेतून नळी घालून लिव्हरच्या धमनीत यट्रियम-९० म्हणजे वाय-९० या किरणोत्सारी धातूचे बारीक कण सोडतात, गाठी मुख्यतः त्याच धमनीवर पोसतात आणि निरोगी लिव्हरला जास्त रक्त पोर्टल व्हेनमधून (आतड्याकडून येणारी शीर) मिळतं म्हणून हे जमतं. किरण सरासरी अडीच मिलिमीटरच जातात, दर ६४ तासांनी जोर निम्मा होतो. आधी एक मॅपिंग अँजिओग्राफी करतात, कण फुप्फुसात जाणार नाहीत ना ते बघायला. पण हे जास्त करून गाठी खूप असतील तेव्हा देतात, दोनच असतील तर मी आधी एसबीआरटीचंच विचारेन. एकदा टाटाच्या ट्यूमर बोर्डचं (वेगवेगळे कॅन्सर डॉक्टर मिळून केस बघतात ते) मत घ्या भाऊ, पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरलात की परळ जवळच, राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. महात्मा फुले योजनेत बसतं का तेही हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा.

सिडकोचा_पोरगा:
खूप आभार ताई, दादा. फाइल घेऊन जातोच. नंतर लगेच स्कॅन केला तर कळतं का गेलं ते?

मशीनरूम:
लगेच नको. गाठीभोवतीचं लिव्हर काही महिने सुजल्यासारखं दिसतं, वाढलीये असं वाटून घरचे घाबरतात. रिपोर्ट ट्रीटमेंट केलेल्या डॉक्टरांनाच दाखवा.