आंबा घाट उतरताना कानाला दडे, आणि नाकामागची 'गाठ'

घाटाखालचा:
नमस्कार मंडळी, रत्नागिरीहून लिहितोय. मुलगा साडेपाच वर्षांचा. कोल्हापूरला मावशीकडे जाऊन परतताना आंबा घाटात कान धरून रडतो, पार साखरपा येईपर्यंत. चढताना काही नाही. रात्री तोंड उघडं टाकून घोरतो, सर्दी गणपतीपासून हटलेली नाही. डॉक्टरांनी बाजूने एक्स-रे काढला, नाकामागे बोट ठेवलं आणि म्हणाले, 'इथे गाठ वाढलीय.' बाहेर माणसं ताटकळलेली, मला पुढे विचारायचं सुचलंच नाही. घरी आईने 'गाठ' ऐकलं आणि देव पाण्यात घातले. मोबाइलची बॅटरी लावून त्याचा घसा बघितला, तर पडजीभ तेवढी दिसली. गाठ आहे कुठे? आणि तिचा कानाशी काय संबंध?

निवृत्त सिस्टर, चिपळूण:
आधी आईंना देव पाण्यातून काढायला सांग. ही ॲडेनॉइड, टॉन्सिलची बहीण. प्रत्येक मुलाला असते, सहासात वर्षांपर्यंत वाढते, वयात येताना आक्रसते.

बॅटरीने ती दिसायची नाही. पडजिभेच्या मागून वर गेलं की नाकाच्या पाठीमागे एक लहानशी पोकळी आहे. छत कवटीच्या हाडाचं, जमीन मऊ टाळूची, आणि ही जमीन हलते! गिळताना टाळू वर उचलला जातो आणि नाकाची वाट बंद होते. पंगतीत सोलकढीचा घोट घेताना कुणी हसवलं की ती नाकातून येते ना? तेव्हा टाळूची वेळ चुकलेली असते.

छताला ॲडेनॉइड, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींत कानाच्या नळ्यांची तोंडं. या नळ्यांतून कानाच्या पडद्यामागे हवा जाते-येते. मोठ्यांची नळी साधारण साडेतीन सेंटिमीटर, उतरती. पोरांची आखूड आणि जवळजवळ आडवी. शेजारी ॲडेनॉइड सुजली की तोंड दबतं, पडद्यामागे पाणी साठतं. टीव्ही मोठा लावतो का? हाक मारल्यावर 'काय?' म्हणतो का? मग ऐकण्याची तपासणी करूनच घे. ऑपरेशनचं त्यानंतर बघता येईल.

तारकर्लीचा:
स्कूबाला लोकांना घेऊन जातो, म्हणून सांगतो. वर चढताना कानातली हवा आपसूक निसटते. उतरताना बाहेरचा दाब वाढतो, तेव्हा नळी मुद्दाम उघडावी लागते. दहा मीटर खाली दाब दुप्पट! आम्ही नाक धरून हळू फुंकायला लावतो, तेही आधीच. दुखूक लागल्यावर उपयोग नाय. सर्दीवाल्याला मी पाण्यात घेत नाही, भांडला तरी. पोराला फुंकायला लावू नको, काहीतरी गिळायला दे, गिळताना नळी उघडते.

खाडीकाठी:
मी बावन्न वर्षांचा. महिनाभर डावा कान दडलाय. माझीही ॲडेनॉइडच का हो?

निवृत्त सिस्टर, चिपळूण:
नाही, आणि घरी अंदाज करत बसू नका. नळीच्या तोंडामागे एक खोबण असते, मोठ्या माणसात क्वचित तिथे कॅन्सर सुरू होतो. बहुतेकांचं कारण साधंच निघतं, पण एकाच बाजूचा दडा हटत नसेल तर नाकातून दुर्बीण घालून बघायलाच हवं. नाकातून रक्त किंवा मानेत गाठ असेल तर उद्याच जा.

घाटाखालचा:
सिस्टर, टीव्हीचं बरोबर ओळखलंत. आम्ही त्याला हट्टी समजून ओरडत होतो. सोमवारी तपासणीला नेतोय. पुढच्या खेपेला घाट उतरताना खिशात आंबापोळी ठेवीन. आई म्हणते सर्दीत आंबट नको. तिला नळी समजावतोय.