सेल्टिक्सचा संघ कोणी मोडला? पगाराच्या नियमांनीच!

पहाटेचा_सामना:
२०२४ मध्ये बॉस्टन सेल्टिक्सने एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचं अठरावं विजेतेपद मिळवलं आणि वर्षभरात संघ विस्कटला. २०२५ च्या उन्हाळ्यात खेळाडूंपैकी हॉलिडे पोर्टलंडला गेला, पोर्झिंगिस अटलांटाला, हॉरफर्ड गोल्डन स्टेट वॉरियर्सला. लक्झरी टॅक्स म्हणजे संघाचे एकूण पगार ठरावीक मर्यादेवर गेले की लीगला भरायचा कर. २०२५-२६ साठी ती मर्यादा होती साधारण १८.८ कोटी डॉलर. टेटम, ब्राऊन, हॉलिडे, पोर्झिंगिस, व्हाइट या पाच जणांचेच पगार १९.८ कोटींच्या आसपास जात होते. बाकीचा संघ अजून धरलेलाच नाही.

एनबीएची कॅप, म्हणजे पगारांची मूळ मर्यादा, आयपीएलच्या २०२५ मधल्या १२० कोटी रुपयांसारखी पक्की नाही. आपला खेळाडू टिकवायला ती ओलांडता येते, टॅक्सची मर्यादाही ओलांडली तर वर टॅक्स भरायचा. मालक भरत असेल तर भरू द्या. पण लीग आणि खेळाडूंच्या २०२३ च्या करारात सेकंड एप्रन नावाची आणखी वरची मर्यादा आली. ती ओलांडली की दोघांचे पगार जोडून एक मोठा खेळाडू ट्रेडमध्ये (संघांमधल्या अदलाबदलीत) आणता येत नाही, सात वर्षांनंतरच्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या निवडीतला) पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे निवडीचा हक्क, गोठतो, तो ट्रेडमध्ये देता येत नाही. म्हणजे खिसा रिकामा करायची तयारी असली तरी हात बांधलेलेच. टेटम आणि ब्राऊनला सेल्टिक्सने स्वतः ड्राफ्ट करून घडवलं. घडवणाऱ्यालाच शिक्षा का? स्वतःच्या ड्राफ्टमधल्या खेळाडूचा निम्माच पगार टॅक्ससाठी मोजला पाहिजे.

लहान_शहर:
अजिबात पटलं नाही. हॉलिडे, पोर्झिंगिस, व्हाइट तिघेही ट्रेडमधून आलेले, ते विसरलात का? आणि २०२५ मध्ये संघ विकला गेला ६१० कोटी डॉलरच्या मूल्यावर. त्यातच मे महिन्यात टेटमची अकिलीस (टाचेमागची शीर) फाटली. अशा वेळी नव्या मालकांनी खर्च कमी केलाच असता, एप्रन असो वा नसो. वॉरियर्सने २०२१-२२ मध्ये नुसता टॅक्सच सुमारे १७ कोटी डॉलर भरला आणि विजेतेपद नेलं. ओक्लाहोमा सिटी किंवा मिलवॉकीने त्यांच्याशी पैशात बरोबरी करायची कशी? बंधन नको, असं मोठ्या बाजारपेठेतल्यांनाच वाटतं.

पहाटेचा_सामना:
ओक्लाहोमाचंच बोलू. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांनी आपला खेळाडू हार्डन ह्यूस्टनच्या संघाला दिला. ड्यूरँट, वेस्टब्रूक, इबाका यांच्यासोबत त्यालाही मोठा करार दिला, तर टॅक्स गळ्याशी येणार होता. त्या चौघांपैकी तिघे पुढे एमव्हीपी (हंगामातले सर्वोत्तम खेळाडू) झाले! टॅक्सने नुकसान केलं ते लहान शहराचंच. आणि समतोलाचं म्हणाल तर २०१९ ते २०२५ सात वर्षांत सात वेगळे विजेते, त्यातले पहिले पाच सेकंड एप्रन येण्याआधीचे.

तिसरा_क्वार्टर:
एक भर घालतो. विजेत्यांचं कंबरडं फक्त टॅक्सच मोडतो असं नाही. २०२३ ला जिंकलेल्या डेन्व्हरकडे ब्रूस ब्राऊन एकच वर्ष खेळला होता, त्यामुळे नियमानुसार त्याला ७८ लाख डॉलरच्या आसपासच देता येत होते. इंडियानाने दोन वर्षांचे साडेचार कोटी डॉलर दिले. तिथे तुमची निम्म्या पगाराची सवलत कामाची नव्हती.

लहान_शहर:
हार्डनचा मुद्दा मान्य. पण करी, थॉम्प्सन, ग्रीन तिघेही वॉरियर्सच्याच ड्राफ्टचे. त्यांचा पगार निम्मा मोजला तर उरलेल्या जागेत २०१६ सारखा ड्यूरँट पुन्हा येणार. तो कसा अडवाल?

पहाटेचा_सामना:
बाहेरून मोठा फ्री एजंट (करारातून मोकळा झालेला खेळाडू) आणला, तर त्या हंगामापुरती सवलत बंद. घरचे खेळाडू टिकवायचे की बाहेरचा आणायचा, ते संघाने ठरवावं.