‘स्थिरता’, ‘पकड’ की ‘रुजणे’? दंतरोपणाच्या मोजमापातील शब्द

विचारणा

दंतरोपणाविषयीचे एक माहितीपत्रक रुग्णांसाठी मराठीत आणण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. मूळ मजकुरात ‘स्टॅबिलिटी’ हा शब्द पानोपानी येतो आणि मी तो सर्वत्र ‘स्थिरता’ असा केला. त्यातून एक वाक्य असे तयार झाले: ‘इम्प्लांट बसवताना स्थिरता चांगली होती, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती घटली आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा वाढली.’ कच्चा मसुदा वडिलांनी वाचला आणि विचारले, की जी अशी वरखाली होते तिला स्थिरता कसे म्हणायचे? शंका मला रास्त वाटते. ‘स्थैर्य’, ‘दृढता’, ‘घट्टपणा’ यांपैकी कोणता शब्द येथे बसेल?

प्रतिसाद

मी दंतवैद्य आहे, त्यामुळे आधी वस्तुस्थिती सांगतो. आपल्या वडिलांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे, कारण मूळ भाषेतील त्या एका शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजेच इम्प्लांट, जबड्याच्या हाडात पिळून बसवताना त्याला मिळणारी यांत्रिक पकड. हाड किती भरीव आहे, भोक किती नेमके पाडले आहे आणि स्क्रूचे आटे कसे आहेत यांवर ती अवलंबून असते, आणि स्क्रू बसवताना पिळाचा जोर किती लागला यावरून ती अजमावता येते. हा जोर न्यूटन-सेंटिमीटरमध्ये मोजतात. तो ३५ किंवा त्याहून अधिक असेल, तर त्याच दिवशी तात्पुरता दात बसवण्याचा विचार अनेक दंतवैद्य करतात.

दुसरी गोष्ट त्या दिवशी अस्तित्वातच नसते. पुढच्या काही आठवड्यांत स्क्रूभोवतीचे जुने हाड झिजते, नवे तयार होते आणि ते धातूला थेट येऊन भिडते. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे रोपण केले, ते हाड आणि धातू यांच्या याच थेट जोडणीच्या भरवशावर. जुनी पकड सैल झालेली आणि नवी जोडणी अजून अपुरी, असा मधला काळ साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. आपल्या वाक्यातील ‘घट’ ती हीच.

म्हणून माझी सूचना अशी, की पहिल्या अर्थी ‘पकड’ आणि दुसऱ्या अर्थी ‘हाडात रुजणे’ हे शब्द वापरावेत. ‘रोपण’ हा शब्द आपण आधीच स्वीकारला आहे, तेव्हा ‘रुजणे’ त्याच्या मागोमाग सहज येते. लावणीनंतर भाताचे रोप काही दिवस मलूल दिसते आणि मग जीव धरते, हे ज्याने पाहिले आहे त्याला तो मधला काळ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. उपमेला एक मर्यादा आहे, आणि ती पत्रकात स्पष्ट करावी: येथे रोपाला मुळे फुटत नाहीत, तर माती म्हणजे हाडच रोपाकडे वाढत येते.

प्रतिसाद

‘रुजणे’ हा शब्द पटला. मात्र या संदर्भात ‘अस्थिसंधान’ आणि ‘अस्थिबंध’ हे शब्दही सुचवले जातात, आणि ते दोन्ही टाळावेत असे माझे मत आहे. अस्थिसंधान म्हणजे मोडलेले हाड हाडाशी जुळून येणे. अस्थिबंध तर त्याहून गैरसोयीचा, कारण तो स्नायुबंधासारख्या तंतूंच्या पट्ट्यासाठी रूढ आहे. नैसर्गिक दात अशाच तंतूंनी हाडात तोललेला असतो, म्हणून निरोगी दातही किंचित हलतो. इम्प्लांटभोवती ते तंतू नसतात. म्हणजे जे तेथे नाही, नेमके त्याचेच नाव आपण त्याला देऊन बसू. औपचारिक शब्द हवाच असेल तर ‘अस्थिसंलग्नता’ चालेल.

‘खुंटा हलवून बळकट करणे’ हा वाक्प्रचारही पत्रकात कोणी वापरू नये. रुजण्याच्या काळात स्क्रू सुमारे १५० मायक्रोमीटरहून अधिक, म्हणजे कागदाच्या एक-दोन पानांच्या जाडीइतका जरी वारंवार हलला, तरी त्याच्याभोवती हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होण्याचा धोका असतो. हा खुंटा हलवल्याने बळकट होत नाही.

विचारणाकर्ता

दोन्ही उत्तरांसाठी मनापासून आभार. मोजमापाच्या भागात आणखी एक अडचण आहे. त्यात एक ते शंभर अशी मोजपट्टी दिली असून तिच्या नावात ‘कोशंट’ हा शब्द आहे. मी ‘स्थिरता भागफल’ असे लिहिले आहे, पण कशाला कशाने भागले ते कोठेच सापडत नाही.

प्रतिसाद

सापडणार नाही, कारण रुग्णाला कळावा असा भागाकार तेथे नाही. ही पद्धत नील मेरेडिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडली. आज इम्प्लांटवर चुंबक असलेली एक लहान खुंटी हाताने बसवतात, उपकरण स्पर्श न करता चुंबकीय स्पंद देऊन तिला कंप पावायला लावते आणि ती कोणत्या वारंवारतेला सर्वाधिक थरथरते हे टिपते. हाडाची धर जितकी ताठ, तितकी ती वारंवारता जास्त. काही हजार हर्ट्‌झमधला तो आकडा मग एक ते शंभर या पट्टीवर बसवला जातो. साधारणपणे ६०च्या खालचा आकडा कमी आणि ७०च्या वरचा चांगला मानतात.

नावासाठी आपल्याकडे तयार नमुना आहे. इंग्रजीत बुद्धीच्या मापातही हाच ‘कोशंट’ आहे आणि मराठीने तेथे ‘भागफल’ न लिहिता ‘बुद्ध्यंक’ हा सुटसुटीत शब्द घडवला. त्याच धर्तीवर ‘स्थैर्यांक’ म्हणावे. ‘स्थिरांक’ मात्र कटाक्षाने टाळावा, कारण गणितात त्याचा अर्थ कधीही न बदलणारी राशी असा आहे, आणि येथे तर बदल टिपण्यासाठीच मोजमाप चालले आहे. विशिष्ट वारंवारतेला सर्वाधिक थरथरण्याला (रेझोनन्स) ‘अनुनाद’ म्हणतात, तो शब्दही येथे टाळावा असा माझा थोडा आग्रह आहे. त्यातील ‘नाद’मुळे वाचकाला वाटते की दंतवैद्य काही ऐकत आहे. ‘अनुस्पंदन’ अधिक नेमका आहे.

नाद खरोखर ऐकतात तो जुन्या पद्धतीत. आरशाच्या दांड्याने इम्प्लांटवर हलकेच ठोकतात. आवाज खणखणीत आला तर समाधान, बद्द आला तर शंका. मडके वाजवून घेणाऱ्या माणसाला हे दोन्ही शब्द पुरेसे आहेत, पण त्यांतून आकडा मिळत नाही. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे शुल्टे यांच्या पुढाकाराने दातांच्या हालचालीसाठी तयार झालेले उपकरण त्या ठोकण्यालाच आकडा देते. आठ ग्रॅमची दांडी चार सेकंदांत सोळा वेळा टेकते, आणि पट्टी उणे आठपासून अधिक पन्नासपर्यंत जाते. तेथे आकडा जितका खाली, तितके चांगले.

विचारणाकर्ता

म्हणजे ‘आकडा वाढला’ एवढेच लिहिले, तर एका उपकरणाच्या बाबतीत ती चांगली बातमी आणि दुसऱ्याच्या बाबतीत वाईट. हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मसुद्यात दोन ठिकाणी तसेच लिहिले गेले आहे. तेथे आता उपकरणाचे नाव आणि पट्टीची दिशा दोन्ही देतो. पहिले वाक्यही बदलले आहे: ‘बसवताना स्क्रूची पकड चांगली होती, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती काहीशी सैलावली, कारण तो तेव्हा हाडात रुजत होता, तिसऱ्या महिन्यात स्थैर्यांक ७२ आला.’ वडिलांनी ते वाचले आणि काही विचारले नाही.